एका शब्दाचा पुनर्जन्म

आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविक शहरात, शाळा सुटल्यावर घराकडे निघालेली एखादी मुलगी वाटेत थांबते, खिशातून एक चपटे यंत्र काढते आणि ते कानाशी धरून आईशी बोलू लागते. या यंत्राला इंग्रज, फ्रेंच, रशियन किंवा तुर्की माणूस ज्या नावाने ओळखतो, ते नाव मुळात एकच आहे. ‘टेले’ म्हणजे दूर आणि ‘फोने’ म्हणजे आवाज, अशा दोन ग्रीक शब्दांच्या जोडणीतून ते तयार झाले. देशोदेशी त्याचा उच्चार थोडाफार बदलला, कोठे त्याचे शेपूट तुटले तर कोठे डोके. परंतु शब्द तोच राहिला. रेक्याविकची ही मुलगी मात्र त्या यंत्राला ‘सीमी’ म्हणते.

‘सीमी’ या शब्दात दूर नाही आणि आवाजही नाही. त्याचा मूळ अर्थ आहे धागा, दोरी. मुलीच्या हातातील यंत्राला तर कसलाच धागा जोडलेला नाही. मग या नावाचा त्या यंत्राशी संबंध काय? हा धागा आला कोठून? याचे उत्तर शोधण्यासाठी सुमारे साडेसातशे वर्षे मागे जावे लागते आणि वासराच्या कातड्यावर लिहिलेले एक लहानसे पुस्तक उघडावे लागते.

आइसलँड हे उत्तर अटलांटिक महासागरातील, ध्रुववृत्ताला जवळजवळ टेकलेले बेट होय. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,०३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाएवढे आहे. लोकवस्ती मात्र चार लाखांच्याही आत आहे. महाराष्ट्रातील एखाद्या मध्यम शहरात याहून अधिक माणसे राहतात. बेटाच्या पोटात ज्वालामुखी धगधगत असतात आणि पाठीवर मोठमोठ्या हिमनद्या पसरलेल्या आहेत. इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉर्वेकडून आलेल्या दर्यावर्दी लोकांनी येथे वस्ती केली. ९३० साली त्यांनी ‘आल्थिंग’ नावाची लोकसभा स्थापन केली. उघड्या माळावर, खडकांच्या सान्निध्यात ती दर वर्षी भरत असे.

या लोकांना गोष्टींचे विलक्षण वेड होते. हिवाळ्यातील दीर्घ रात्री ते पूर्वजांच्या कथा सांगण्यात व ऐकण्यात घालवीत. पुढे, मुख्यत्वेकरून तेराव्या शतकात, या कथा व त्यांहूनही जुनी काव्ये वासराच्या कमावलेल्या कातड्यावर लिहून ठेवण्यात आली. त्या काळी युरोपातील बहुतेक विद्वान लॅटिन भाषेत लिहीत असत. आइसलँडच्या लेखकांनी आपले पुष्कळसे लेखन शेतकऱ्याच्या व कोळ्याच्या तोंडी असलेल्या भाषेत केले. ‘सागा’ हा शब्द जगाने त्यांच्याकडूनच घेतला. त्याचा साधा अर्थ ‘सांगितलेली गोष्ट’ असा आहे.

अशा हस्तलिखितांपैकी एक पुस्तक विशेष प्रसिद्ध आहे. ते तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिले गेले. आकाराने ते शाळेतील वहीपेक्षाही लहान आहे व त्याची फक्त ४५ पाने आज शिल्लक आहेत. ब्रिन्योल्फुर स्वेन्सोन नावाच्या बिशपच्या हाती ते १६४३ साली लागले. १६६२ मध्ये त्याने ते डेन्मार्कच्या राजाला नजर केले. म्हणून त्याला ‘राजाचे पुस्तक’ असे नाव मिळाले. देवांची आणि वीरांची प्राचीन काव्ये त्यात आहेत. त्यांतील एका काव्यात हेल्गी नावाच्या राजपुत्राच्या जन्माची हकीकत येते. रात्रीच्या वेळी भाग्यदेवता त्या घरी येतात, बाळाच्या नशिबाचा पीळ वळतात, सोन्याचे धागे उलगडतात आणि चंद्राच्या महालाखाली, आकाशाच्या मध्यभागी, ते घट्ट बांधतात. आपल्याकडे बाळाच्या जन्मानंतर सटवाई येऊन त्याच्या कपाळी भाग्य लिहिते असे मानीत. उत्तरेकडील त्या देवता लिहीत नाहीत, त्या सूत वळतात, एवढाच भेद. त्या सोन्याच्या धाग्यांसाठी कवीने जो शब्द योजला आहे, तो म्हणजे ‘सीमा’; ‘सीमी’चेच ते सख्खे भावंड. दोहोंचा अर्थ एकच.

पुढील शतकांत हा शब्द लोकांच्या बोलण्यातून नाहीसा झाला. धाग्याला व दोरीला दुसरे शब्द रूढ होते. ‘सीमी’ची कोणाला गरज उरली नाही. भाषेत असे नेहमीच घडते. शब्द मरतो म्हणजे त्याचे काही प्रेत दिसत नाही. म्हातारी माणसे तो वापरीत असतात, मुले वापरीत नाहीत, आणि एके दिवशी तो कोणाच्याच तोंडी नसतो. हा शब्द मात्र कातड्याच्या पानांवर निजून राहिला.

दरम्यान देशावर वाईट दिवस आले होते. १२६२ पासून आइसलँडवर नॉर्वेच्या राजाची सत्ता सुरू झाली आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीस नॉर्वेबरोबर ते बेटही डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली गेले. व्यापार डॅनिश व्यापाऱ्यांच्या हाती गेला. कचेरीत डॅनिश, दुकानात डॅनिश, प्रतिष्ठितांच्या बैठकीत डॅनिश असा प्रकार विशेषतः रेक्याविकमध्ये सुरू झाला. १८१३ साली रास्मुस रास्क नावाचा एक तरुण डॅनिश पंडित आइसलँडमध्ये आला. या भाषेवर त्याचे शाळकरी वयापासून प्रेम होते. रेक्याविकमधील बोलणे ऐकून त्याला धक्का बसला. आणखी शंभर वर्षांनी या गावात आइसलँडिक भाषा समजणारा मनुष्य क्वचितच सापडेल, अशी भीती त्याने त्याच वर्षी एका पत्रात व्यक्त केली.

रास्क नुसती भीती व्यक्त करून थांबला नाही. त्याच्या पुढाकाराने १८१६ साली आइसलँडिक साहित्यसंस्था स्थापन झाली व जुने ग्रंथ छापण्याचे काम सुरू झाले. ही संस्था आजही चालू आहे. याच रास्कची पावले पुढे आपल्याकडे वळली, हे सांगितले पाहिजे. रशिया आणि इराण ओलांडून तो १८२० साली मुंबईस पोहोचला. तेथील पारशी लोकांकडून त्याने अवेस्ता व पहलवी भाषांतील प्राचीन पोथ्या मिळविल्या आणि तेथून तो सिलोनला गेला. १८२३ मध्ये तो कोपनहेगनला परतला, तेव्हा त्याच्या सामानात त्या पोथ्या होत्या. आइसलँडची भाषा आणि इराणची भाषा या एकाच विशाल कुटुंबातील दूरच्या बहिणी आहेत, हे ज्या थोड्या लोकांनी प्रथम ओळखले, त्यांत त्याची गणना होते.

एकोणिसाव्या शतकात आइसलँडमध्ये स्वातंत्र्याची चळवळ वाढत गेली, तसतसा भाषेचा अभिमानही वाढत गेला. डॅनिश शब्द वेचून काढण्यात आले आणि त्यांच्या जागी देशी शब्द बसविण्यात आले. परंतु याच शतकात जगात नवनवी यंत्रे जन्मास येत होती. तारायंत्र आले, त्यामागोमाग दूरध्वनी आला. १८९० साली रेक्याविक आणि जवळचे हाफ्नारफ्योर्दुर ही दोन गावे तारेने जोडली गेली व लोक एकमेकांशी दुरून बोलू लागले. आता या वस्तूला म्हणावयाचे काय?

नावांची काही वाण नव्हती. कोणी सरळ ‘टेलिफोन’च म्हणत. कोणी तारायंत्राला ‘बातमीचा धागा’ आणि दूरध्वनीला ‘बोलण्याचा धागा’ अशी जोडनावे दिली. कोणी ‘ध्वनिवाहक’ अशा अर्थाचा शब्द सुचविला. अर्थाच्या दृष्टीने ही नावे चुकीची नव्हती; परंतु ती लांब होती, हे कबूल केले पाहिजे. ज्या वस्तूचे नाव दिवसातून दहा वेळा घ्यावयाचे, तिला लांब नाव सोसत नाही. शिवाय त्या नावापासून पुढे आणखी शब्द बनवावयाचे झाल्यास गाडीला गाडी जोडल्यासारखे होते.

एकोणिसावे शतक संपता संपता कोशकारांना जुन्या काव्यातला तो विसरलेला शब्द आठवला. धागाच म्हणावयाचा, तर प्रचारातील धागा कशाला? निजलेला धागा जागा करावा! प्रचारातल्या शब्दाला त्याचा जुना अर्थ चिकटलेला असतो. शिवणाचा धागा की बोलण्याचा धागा, असा घोटाळा होतो. ‘सीमी’च्या बाबतीत ती अडचण नव्हती. घर जुने, भक्कम, परंतु रिकामे होते. नवा भाडेकरू सुखाने राहू शकला.

या शब्दाच्या अंगी दुसराही एक गुण होता. आइसलँडिक भाषेत नामाला चार विभक्ती असतात आणि वाक्यातील कामानुसार शब्दाचे रूप बदलते. मराठीत ‘घोडा’ हा शब्द प्रत्यय लागताना ‘घोड्या’ होतो, ‘घोडाला’ असे आपण कधी म्हणत नाही. तसाच काहीसा हा प्रकार होय. बाहेरून आलेल्या शब्दाला हे वळण सहजासहजी जमत नाही. तो पाहुण्यासारखा ओसरीवर अवघडून बसतो. ‘सीमी’ घरचाच असल्यामुळे त्याला काही शिकवावे लागले नाही. तो कर्ता असला म्हणजे ‘सीमी’, आणि इतर विभक्तींत ‘सीमा’. बोलणाऱ्याच्या जिभेला तो परका वाटलाच नाही.

तरीही कोशात शब्द घातला म्हणजे तो रूढ झाला असे नव्हे. ‘सीमी’ला लोकांच्या तोंडी बसविले ते एका मोठ्या घटनेने आणि एका मोठ्या भांडणाने.

१९०४ साली आइसलँडला अंतर्गत स्वराज्य मिळाले. हानेस हाफस्टेन हे पहिले मंत्री झाले. ते स्वतः कवी होते. त्या वेळी जगाची बातमी आइसलँडला जहाजानेच कळत असे, आणि हिवाळ्यात जहाज आठवडेच्या आठवडे येत नसे. युरोपात एखादे युद्ध सुरू झाले तरी येथील माणसाला त्याचा पत्ता नसावयाचा. ही स्थिती पालटण्यासाठी हाफस्टेन यांनी एका डॅनिश कंपनीशी करार केला. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांपासून फेरो बेटांमार्गे समुद्राच्या तळाशी तार टाकावयाची, ती आइसलँडच्या पूर्व किनाऱ्यावर सेयदिसफ्योर्दुर गावी बाहेर काढावयाची आणि तेथून उत्तरेच्या वळशाने रेक्याविकपर्यंत खांबांवरून न्यावयाची, अशी ती योजना होती.

या योजनेला कडवा विरोध झाला. मार्कोनीने बिनतारी संदेशाची युक्ती नुकतीच प्रचारात आणली होती. त्याच्या कंपनीने रेक्याविकजवळ एक स्तंभ उभारला व २६ जून १९०५ रोजी इंग्लंडहून आलेला बिनतारी संदेश तेथे पकडून दाखविला. मग एवढा खर्च करून तार कशाला ओढावयाची, असे लोक विचारू लागले. हे गरीब राष्ट्र कर्जात बुडेल, अशी अनेकांना भीती वाटत होती. १ ऑगस्ट १९०५ रोजी, गवतकापणीचे ऐन हंगामाचे दिवस असताना, शेकडो शेतकरी काम टाकून घोड्यांवरून राजधानीत आले. त्यांनी सभा भरविली आणि करार मोडावा अशी मागणी मंत्र्यांपुढे ठेवली. हाफस्टेन यांनी ती मानली नाही. आल्थिंगनेही तारेच्याच बाजूने कौल दिला.

काम सुरू झाले. आइसलँडमध्ये उंच वाढणारी झाडे जवळजवळ नव्हतीच, त्यामुळे खांबसुद्धा जहाजांतून परदेशाहून आणावे लागले. सुमारे १४,००० खांब! ते घोड्यांच्या साहाय्याने डोंगर, नद्या व ओसाड पठारे ओलांडून न्यावयाचे, खडकाळ जमिनीत उभे करावयाचे आणि त्यांवरून सहाशे किलोमीटरहून अधिक लांबीची तार ओढावयाची, हे सारे पुरे करण्यास उन्हाळ्याचे मोजके महिनेच हाती होते. तरी ते झाले. २९ सप्टेंबर १९०६ रोजी ही तार सुरू झाली आणि आइसलँड जगाशी जोडले गेले. या कामासाठी जे सरकारी खाते निघाले, त्याच्या नावातच ‘सीमी’ हा शब्द होता. खांबाखांबावरून देशभर गेलेला धागा लोक डोळ्यांनी पाहत होते. त्याला धागा न म्हणावे तर काय म्हणावे?

शेतकऱ्यांची बाजू त्या दिवशी पडली. तथापि त्यांचे म्हणणे वेडगळ नव्हते. बिनतारी संदेशाला आइसलँडिकमध्ये ‘हवेतून आलेला निरोप’ अशा अर्थाचा शब्द मिळाला. त्यांचे ऐकले गेले असते, तर या यंत्राच्या नावात आज धाग्याऐवजी वारा असता की काय, कोण जाणे!

एकदा मूळ धरल्यावर ‘सीमी’चा वेल झपाट्याने वाढला. ‘ताल’ म्हणजे बोलणे. त्यापासून ‘तालसीमी’ म्हणजे दूरध्वनी. ‘रित’ म्हणजे लेखन. त्यापासून ‘रितसीमी’ म्हणजे तारायंत्र. समुद्रातळाची तार ती ‘समुद्र-सीमी’. दूरध्वनीवरील संभाषण म्हणजे ‘सीमताल’. पुढे ज्याला त्याला बोलणेच ठाऊक झाले, तेव्हा ‘तालसीमी’तला ‘ताल’ गळून पडला आणि नुसता ‘सीमी’ उरला. दूरध्वनीधारकांच्या यादीला ‘सीमास्क्राउ’ असे नाव पडले. ही यादी परक्या माणसाला मोठी गंमतीची वाटे. कारण तीत माणसे आडनावाप्रमाणे नव्हे, तर स्वतःच्या नावाप्रमाणे लावलेली असत. आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनाव नसतेच. योनचा मुलगा तो योन्सोन आणि मुलगी ती योन्सदोत्तिर. एकाच नावाच्या अनेक व्यक्ती येत, म्हणून पुढे व्यवसायही छापीत.

विसाव्या शतकाच्या अखेरीस खिशात मावणारे यंत्र आले, तेव्हा ‘फार’ म्हणजे प्रवास हा शब्द मागे लावून ‘फारसीमी’ असे नाव तयार झाले. मराठीत ‘भ्रमणध्वनी’ हा शब्द नेमका याच रीतीने घडला आहे. जुन्या शब्दातील एक भाग काढून त्या जागी भ्रमण बसविले. फारसीमीला तार नाही, पण धाग्याचे नाव गेले नाही. यात नवल मानण्याचे कारण नाही. मराठी माणसाने तारायंत्राने आलेल्या निरोपाला ‘तार’ म्हटले, आणि पोस्टाच्या शिपायाने हाती दिलेला कागद पाहून ‘तार आली’ असेच तो म्हणत राहिला. त्या कागदात धातूचा एक तंतूही नसे. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तरी तो प्रयोग जुन्या कथांतून आजही भेटतो.

‘सीमी’चे विभक्तीतील रूप ‘सीमा’ असे होते, हे वर आलेच आहे. मराठी वाचकाचे कान येथे टवकारले असतील. आपल्या ‘सीमा’ शब्दाशी याचे काही नाते असेल काय? दोन भाषांतील दोन शब्द सारखे ऐकू आले म्हणून ते नातलग ठरत नाहीत. असे आंधळे साम्य पुष्कळदा फसवे असते. भाषेचे अभ्यासक अनेक शब्द शेजारी मांडून ध्वनींचे नियम तपासतात आणि मगच नाते मान्य करतात. या शब्दाच्या बाबतीत मात्र त्यांनी जो निष्कर्ष काढला आहे, तो मोठा रम्य आहे. ‘बांधणे’ या अर्थाचा एक अतिप्राचीन धातू होता. संस्कृतात तो ‘सि’ या रूपाने आढळतो. त्यापासून ‘सेतु’ शब्द झाला. दोन तीरांना जो बांधतो तो सेतू. ग्रीक भाषेत त्याच धातूपासून चामड्याच्या वादीचे नाव तयार झाले, जर्मन भाषेत दोराचे, आणि आइसलँडिकमध्ये ‘सीमी’. संस्कृत ‘सीमन्’ म्हणजे भांगाची रेघ किंवा हद्द, हाही शब्द अनेक व्युत्पत्तिकार याच कुळात घालतात. ‘सीमंत’, ‘सीमोल्लंघन’ हे शब्द त्यातूनच आले. गावाच्या हद्दीला मराठीत ‘शीव’ म्हणतात, ते ‘सीमा’चेच झिजलेले रूप होय. मुंबई बेटाची हद्द जेथे संपत असे, त्या जागेचे नाव शीव असे पडले, आणि आगगाडीच्या स्थानकावर ते आजही वाचावयास मिळते. एकाच मुळापासून फुटलेल्या फांद्यांपैकी एक हद्द दाखविते आणि दुसरी हद्दीपलीकडच्या माणसाशी बोलू देते!

‘सीमी’च्या यशाने आइसलँडच्या लोकांना हुरूप आला. जुनी गवताळ मातीची घरे होती, तेव्हा छपरातील झरोक्याला जनावराच्या पोटातील पातळ पारदर्शक पडदा ताणून बसवीत. त्यातून अंधुक उजेड आत येई. त्याला ‘स्क्याउर’ म्हणत. दूरदर्शन व संगणक यांच्या उजळ पडद्याला आज हेच नाव आहे. संगणकाचे नाव त्याहून काव्यमय आहे. १९६० नंतरच्या दशकात विद्यापीठात पहिला संगणक आला, तेव्हा सिगुर्दुर नोर्दाल या विद्वानाने ‘ताला’ म्हणजे संख्या आणि ‘वोल्वा’ म्हणजे भविष्य सांगणारी स्त्री, हे दोन शब्द एकत्र करून ‘तोल्वा’ असा शब्द घडविला. आकड्यांची भविष्यवेत्ती!

सर्वच प्रयोग साधले असे मात्र नाही. केळ्याला ‘वाकडे फळ’ या अर्थाचा एक शुद्ध देशी शब्द तयार करण्यात आला होता. लोकांनी तो ऐकला, ते हसले आणि ‘बनानी’च म्हणत राहिले. पिझ्झाच्या देशी नावाचीही अशीच गत झाली. फारसीमीलासुद्धा बोलण्यात एक लाडके, अर्धवट परकी टोपणनाव मिळालेच. पंडितांनी शब्द घडवावा आणि लोकांनी तो निवडावा, असा हा व्यवहार आहे. त्यात शेवटचा शब्द लोकांचाच असतो.

१७ जून १९४४ रोजी आइसलँड प्रजासत्ताक झाले. त्यानंतरही जुनी हस्तलिखिते डेन्मार्कमध्येच होती. ती परत मिळावीत म्हणून दीर्घकाळ वाटाघाटी चालल्या. अखेर २१ एप्रिल १९७१ रोजी डेन्मार्कच्या नौदलाचे जहाज रेक्याविकच्या बंदराला लागले. धक्क्यावर हजारो माणसे उभी होती. त्या जहाजातून ‘राजाचे पुस्तक’ आणि आणखी एक मोठे हस्तलिखित किनाऱ्यावर उतरविण्यात आले. भाग्यदेवतांचा तो सोन्याचा धागा तीनशेहून अधिक वर्षांनी मायदेशी आला होता. त्याच दिवशी शहरातील घराघरांत सीमी वाजत होते.

रास्कची भीती खरी ठरली नाही. त्याने दिलेली शंभर वर्षे केव्हाच उलटून गेली आणि रेक्याविकमध्ये आइसलँडिकच बोलली जाते. परंतु आता भीतीचे रूप निराळे आहे. डॅनिश गेली, इंग्रजी आली. ती व्यापाऱ्याच्या दुकानातून नव्हे, तर खुद्द सीमीतून आली. खेळ इंग्रजीत, चित्रपट इंग्रजीत. आणि अलीकडे यंत्रांशी तोंडाने बोलता येऊ लागले, तेव्हा ती यंत्रेही इंग्रजीच समजू लागली. चार लाखांहून कमी लोकांच्या भाषेसाठी परदेशी कारखानदार कशाला खटाटोप करील? रेक्याविकमधील लहान मूल घरातील यंत्राला हुकूम सोडताना इंग्रजीत बोलू लागले, ही गोष्ट शिक्षकांना आणि पालकांना बोचू लागली. दोनशे वर्षांपूर्वी दुकानदारापुढे जे घडत होते, तेच आता यंत्रापुढे घडत होते.

यंत्राला भाषा शिकवावयाची तर त्याला ती पुष्कळ ऐकवावी लागते. एकट्यादुकट्याचा आवाज त्यास पुरत नाही. स्त्रिया, पुरुष, वृद्ध, मुले, अशा हजारो माणसांचे आवाज लागतात. त्यासाठी २०१९ साली आइसलँडमध्ये लोकांकडून आवाज गोळा करण्याचा उपक्रम सुरू झाला. त्याचे नाव ‘सामरोमुर’. यातील ‘साम’ हा आपल्या ‘सम’चा भाऊ आहे, ‘रोमुर’ म्हणजे आवाज. पुढील वर्षांत शाळाशाळांमध्ये स्पर्धा लागली. कोणती शाळा अधिक वाक्ये वाचून देते ते पाहावयाचे होते. मुलांनी आईवडिलांना बसविले, आजीआजोबांना बसविले आणि लक्षावधी वाक्ये जमा झाली.

रीत अगदी सोपी आहे. सीमी हातात घ्यावयाचा. एक वाक्य समोर येते. मूल ते स्पष्ट आवाजात वाचते. त्याचा आवाज संग्रहात जाऊन पडतो आणि छोट्याशा स्क्याउरवर पुढचे वाक्य उमटते.